स्तुती करायची नाही, या अटीवर

संपादकांचा फोन आला, "नदाफशेठ, आमच्या दिवाळी अंकासाठी पुस्तकविक्रीतले गोड अनुभव लिहा." मी म्हणालो, गोड हवं असेल तर माझ्या शेजारी मिठाईचं दुकान आहे, त्याला सांगा. ते हसले. पैशाचा विषय निघेपर्यंत संपादक हसतात. मानधनाचं विचारलं तर म्हणाले, "अंक पाठवू की." मी म्हटलं, दोन अंक पाठवा आणि माझं एकही वाक्य कापू नका. शेवटी एका अंकावर मिटलं आणि वाक्य कापायचं नाही हे कायम राहिलं. तेव्हा पुढं जे कडू लागेल, ते सौद्यात बसलेलं आहे.

सांगलीत एसटी स्टँडपासून चालत येण्यासारखं माझं दुकान आहे. खाली पुस्तकं, वर लाकडी जिन्यानं जायची एक मोठी खोली. मूळ आम्ही कडेगावचे. वडील कापूस पिंजायचे, गाद्या शिवायचे. मी दहावीनंतर स्टँडच्या भिंतीला जुनी गाइडं मांडून बसलो. आज दुकान माझं आहे, टेम्पो माझा आहे आणि जिभेवर ताबा नाही, तोही माझाच दोष आहे. शिकवायला कोणी नव्हतं, म्हणून दुसऱ्या कुणाच्या नावावर घालता येत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पुस्तकांच्या दुकानात देवळासारखी शांतता असते. मंडईत आणि माझ्याकडं फरक एवढाच, की भाजीवाल्याला कोणी म्हणत नाही, "तुम्ही भाग्यवान, दिवसभर भाजीत असता." धंदा साधा आहे. प्रकाशक छापील किमतीवर आम्हाला कमिशन देतो. त्या कमिशनात वीज, डिझेल, परत न घेतला जाणारा माल आणि महापुरात भिजलेली कपाटं, सगळं बसवायचं. गिऱ्हाईकाला नेमकं कमिशन तेवढं माहीत असतं. तो म्हणतो, "त्यातलं थोडं इकडं सरकवा." घासाघीशीचं मला वावडं नाही, उलट आवडते. घासाघीस करताना माणूस खरं बोलतो. त्याला काय हवंय, काय सोडायची तयारी आहे, कुठं दुखतंय, सगळं दहा मिनिटांत बाहेर येतं.

पुस्तकांबद्दल बोलताना मात्र तोच माणूस खरं बोलत नाही. माझा सगळा राग तिथं आहे.

कुपवाडच्या एका कारखानदारानं दिवाळीला कामगारांना मिठाईच्या पुड्याऐवजी 'यशस्वी कसे व्हाल' छापाची पुस्तकं वाटली. मीच पुरवली. पुढच्या आठवड्यात कामगार दुचाकीवरून दुकानात यायला लागले. "शेठ, हे घ्या आन् पोरीचं नववीचं गाइड द्या." मी दिलं. कपाटातून गेलेली पुस्तकं कपाटात परत आली. महिन्याभरानं तेच कारखानदार वरच्या खोलीतल्या वाचकांच्या बैठकीत छातीवर हात ठेवून बोलत होते, "आमच्या कामगारांना वाचनाचं अक्षरशः वेड लागलंय." खाली मी त्याच पुस्तकांवरची धूळ झटकत होतो.

साताऱ्याला दरवर्षी मी टेम्पो घेऊन प्रदर्शनाला जातो. सांगलीकर आधी किंमत बघतो. सातारकर आधी खुर्ची बघतो. एक पेन्शनर गृहस्थ रोज येऊन एक जाडजूड कादंबरी माझ्याच खुर्चीत बसून वाचायचे आणि खुणेला एसटीचं तिकीट घालून ठेवायचे. शेवटच्या दिवशी मला म्हणाले, "थोडंच राहिलंय हो. प्रदर्शन एक दिवस वाढवता का?" मी त्यांना जे बोललो ते छापण्यासारखं नाही, अट असली तरी. पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मंडप उतरवला नाही. ते आलेच नाहीत. मंडपवाल्याकडून कळलं, बागेतल्या मित्राला त्यांनी शेवट विचारून घेतला होता.

आता नवी जात निघाली आहे फोटोवाल्यांची. दुकानात येतात, नवं पुस्तक हातात धरून, चष्मा नाकावर सरकवून स्वतःचा फोटो काढतात, पुस्तक जागेवर ठेवतात आणि जातात. जागेवर म्हणजे दुसऱ्याच जागेवर. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर अभिप्राय येतो: 'नुकतंच वाचून संपवलं. डोळे पाणावले.' डोळे पाणावल्याचं मी पाहिलं नाही. फोटो नीट आला नाही म्हणून दोनदा काढला, ते पाहिलं.

आता वरच्या खोलीकडं येतो. तिथं महिन्यातल्या एका रविवारी वाचकांचं एक मंडळ भरतं. नाव लिहीत नाही. फुकटची जाहिरात मी कुणाची करत नाही. प्रत्येकानं नुकत्याच वाचलेल्या पुस्तकावर मत द्यायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, असा परिपाठ. खोली माझी, खुर्च्या माझ्या, चहा माझा. भाडं घेत नाही, कारण उतरताना चारजण काहीतरी विकत घेतात. तो माझा हिशेब, उगाच दानशूर म्हणवून घेणार नाही.

वरचं सगळं खाली ऐकू येतं. फळ्यांची जमीन आहे. वाक्यं ठरलेली असतात. 'शैली ओघवती आहे.' 'एका बैठकीत संपवलं.' 'शेवट अंतर्मुख करतो.' एकदा तर शेअर बाजारावरच्या पुस्तकाचा शेवटही अंतर्मुख करणारा निघाला. एका बैठकीत संपवलेल्या पुस्तकांची प्लास्टिकची वेष्टनं सोमवारी केर काढताना मला त्या खोलीतच सापडतात. म्हणजे बैठक कुठली, तेही कळलं.

मंडळाचे अध्यक्ष देशमाने सर, निवृत्त प्राचार्य. मंडळ माझ्याकडं आलं त्या पहिल्याच रविवारी मीही उठलो होतो. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी वाचतो. जे विकलं जात नाही ते आधी वाचतो, का विकलं जात नाही ते कळावं म्हणून. तर मी उठलो आणि म्हणालो, "मी एक आत्मचरित्र वाचलं. त्यात..."

सरांनी तळहात दाखवला. "नदाफ, थांबा. तुम्ही विक्रेते. तुमच्या मतात हितसंबंध येतो."

"सर, मी वाचक म्हणून उठलोय."

"ते आम्हाला कसं कळणार?" सर गोड हसले. मग त्यांनी ठराव मांडला, की विक्रेत्यानं मंडळात मत देऊ नये. हात वर करून मंजूर झाला. बँकेतल्या शुभांगीताईंनीही हात वर केला. माझ्याकडून 'चाळून बघते' म्हणून नेलेलं पुस्तक त्याच हातात होतं. खाली उतरताना सर म्हणाले, "राग मानू नका. बाकी तुमचं मराठी फार चांगलं आहे हो."

"तुमचंही बरं आहे, सर," मी म्हणालो.

हा माझा सल. कितीतरी वर्षं मी फळ्यांखाली उभा राहून, न वाचलेल्या पुस्तकांवरची मतं ऐकली आणि वाचलेल्या पुस्तकांवरचं माझं मत चहाबरोबर गिळलं. कुणाला हे क्षुल्लक वाटेल. ज्याचं म्हणणं लोक ऐकून घेतात, त्यालाच ते क्षुल्लक वाटतं.

मग म्हसवडचे सुभेदार वीरकर आले. फौजेतून निवृत्त, पदरमोड करून कादंबरी छापलेली. प्रतींचे गठ्ठे एसटीनं आणून त्यांनी माझ्या काउंटरवर ठेवले. कव्हरवर दोन बैल आणि मागं सूर्य. तो उगवतोय का मावळतोय, ते बहुधा चित्रकारालाही ठरवता आलं नव्हतं. विक्रीला ठेवायचं कमिशन मी सांगितलं तेव्हा सुभेदार म्हणाले, "आवं शेठ, येवडी लूट तर आमी दुश्मनाची बी केली न्हाई." मी म्हणालो, "दुश्मनाकडं भाड्याचं दुकान नव्हतं." माझंही नाही, पण घासाघीशीत एवढं चालतं. चांगली तासभर जुंपली. शेवटी मी थोडं उतरलो, ते थोडे चढले.

मंडळानं त्या कादंबरीवर खास बैठक घेतली. लेखक समोर बसलेला, मग काय. ओघवती, एका बैठकीत, अंतर्मुख, तिन्ही झाली. गोष्ट दोन भावांची. दुष्काळ पडतो, चारा छावणीत दिवस निघतात, मग वाटणी होते. थोरला भाऊ विहीर हसत हसत धाकट्याला देऊन टाकतो आणि बैलांच्या पाठीवर हात फिरवून गाव सोडतो. शुभांगीताई म्हणाल्या, "तो थोरला भाऊ म्हणजे देवमाणूस!" टाळ्या पडल्या. सुभेदार मान खाली घालून बसले होते, असं चहा घेऊन वर गेलो तेव्हा दिसलं. मला वाटलं, संकोच असेल.

मी ती कादंबरी दोनदा वाचली होती. पहिला अर्धा भाग इतका खरा होता, की दुसऱ्या अर्ध्याचा राग आला.

पुढं मंडळाचा वर्धापनदिन आला. साताऱ्याहूनही पाहुणे यायचे होते आणि ठरवलेलं सभागृह ऐनवेळी लग्नाला गेलं. देशमाने सर स्वतः दुकानात आले. गरजू माणूस काउंटरच्या त्या बाजूला उभा असला, की मला पाय लांब करून बसावंसं वाटतं.

"खोली देतो," मी म्हणालो. "जादा खुर्च्या, चहा, पोहे, सगळं देतो. पण मला बोलायचंय."

"नदाफ, ठराव आहे."

"मग लग्नात जागा मिळते का बघा."

सर थोडा वेळ कपाटाकडं बघत राहिले. "किती बोलाल?"

"पंधरा मिनिटं."

"पाच."

"पाच मिनिटांत तुमचं प्रास्ताविकसुद्धा होत नाही, सर. दहा."

"सात. आणि एक अट. तुमच्या दुकानात जे आहे, त्यातल्या कशाचीही स्तुती करायची नाही."

"दुकानात सगळंच आहे."

"मग कशाचीच करायची नाही."

"निंदा चालेल?"

"निंदेनं कुठं माल खपतो? खुशाल करा." सरांनी हात पुढं केला. मी तो दाबला आणि मनात म्हणालो, स्वस्तात मिळालं. आयुष्यभर घासाघीस करणारा मी, अटीत काय दडलंय ते मला दिसलं नाही.

वर्धापनदिनाला खोली भरली होती; सुभेदार तेवढे आले नव्हते. सरांसमोर टेबलावर वेळ संपल्याची घंटी. माझा नंबर सगळ्यात शेवटी, पोह्यांच्या आधी. मी उभा राहिलो. "मी सुभेदार वीरकरांच्या कादंबरीवर बोलणार आहे. तिचा पहिला अर्धा भाग मी दोनदा वाचला. चारा छावणीतली ती म्हातारी..."

घंटी वाजली. "नदाफ," सर म्हणाले, "स्तुतीकडं चाललाय."

"सर, मी फक्त काय आहे ते सांगतोय."

"सूर स्तुतीचा आहे."

लोक हसले. माझं अर्धं मत घंटीनं खाल्लं. मग जे उरलं, ते मी रागानं बोललो. "ठीक आहे. मी कडेगावचा. आमच्याकडं वाटणी झाली तेव्हा कापूस पिंजायच्या यंत्रावरून आम्ही भावांनी एकमेकांची तोंडं बघायची सोडली. एक यंत्र, तेही गंजलेलं. आणि इथं माण तालुक्यात, जिथं टँकर आला की बायका हंडे घेऊन पळतात, तिथं एक माणूस हसत हसत विहीर देऊन टाकतो? लेखकानं वाटणी पाहिली नसेल, नाहीतर पाहिली असेल आणि आपल्याला दाखवायचं धाडस झालं नसेल. त्या हसण्याशी कादंबरी खोटी पडते आणि शेवटपर्यंत उठत नाही. तुम्ही ज्याला देवमाणूस म्हणालात, तो माणूसच नाही."

मी खाली बसलो. कोणी टाळी वाजवली नाही. मला वाटलं, घुसलं. वीस माणसं विचारात पडलीत माझ्या बोलण्यानं. त्या शांततेसाठी मी आणखी पोहे केले असते.

मग पोहे झाले, आणि मंडळी जिना उतरून सरळ काउंटरवर आली. "कुठंय हो ती कादंबरी? बघू तरी एवढी वाईट आहे का." गठ्ठा सुटला. साताऱ्याच्या पाहुण्यांनी नेली, शुभांगीताईंनी मैत्रिणीसाठी नेली. इतकी वर्षं मी लोकांना चांगली पुस्तकं हातात देऊन दमलो, आणि इथं वाईट म्हटल्यावर झुंबड! सगळ्यात शेवटी देशमाने सर आले. त्यांनीही एक प्रत घेतली आणि माझ्या खांद्यावर थाप मारली.

"मानलं नदाफ तुम्हाला! काय डोकं आहे! निंदेची जाहिरात!"

"सर, ते माझं मत होतं."

"हो हो, मतच. आता खासगीत सांगा, लेखकाशी आधीच ठरलं होतं ना?"

मी आवाज चढवला. इतका, की शेजारचा मिठाईवाला बाहेर आला. मी म्हणालो, पैसे परत घ्या आणि पुस्तक ठेवा. सरांनी पुस्तक पिशवीत घातलं. म्हणाले, "बघा, अजून अभिनय चालू आहे."

दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर सगळीकडं 'नदाफ यांची अनोखी विक्रीकला'. मी काय बोललो ते एका ओळीतही नव्हतं. एका प्रकाशकाचा फोन आला, "आमच्या नव्या कादंबरीला जरा नावं ठेवाल का? कमिशन वाढवून देतो." पुढच्या बैठकीत मंडळानं ठराव दुरुस्त केला: विक्रेत्यानं स्तुतीही करू नये आणि निंदाही. हात वर झाले. खाली फळ्यांतून मला खुर्च्यांची कुरकुर ऐकू आली.

आणि त्याच महिन्यात सुभेदार वीरकर दुकानात आले. पुढचं त्यांना विचारून लिहितोय. त्यांनी कुठलीही अट घातली नाही, हे देशमाने सरांसाठी नमूद करतो.

उरलेल्या प्रती काउंटरवरच होत्या. सुभेदारांनी पिशवी खाली ठेवली. मी काउंटरमागून बाहेर आलो. भांडण व्हायचंच असेल तर मध्ये काच नको.

"शेठ, तुमी बोलला म्हणं माज्या बुकावर."

"बोललो."

"काय बोलला?"

"आलं असेल की तुमच्याकडं व्हॉट्सअ‍ॅपवर."

"त्यात तुमी किती खपवली त्येवडंच हाय. बोलला काय, त्ये सांगा."

मी काय बोललो, हे विचारणारा तो पहिला माणूस. मी सगळं सांगितलं. आधी, घंटीनं खाल्लेला भाग. छावणीतली म्हातारी गाईला नातेवाइकांची गाऱ्हाणी सांगते ते पान मी पुन्हा पुन्हा का वाचलं, ते सांगितलं. सुभेदार ऐकत होते, चेहऱ्यावर काही नाही.

"आन् म्होरं?"

"पुढं खोटं."

"कुटनं खोटं?"

"थोरला हसला, तिथनं."

त्यांनी गठ्ठ्यावरची एक प्रत सरळ केली. मग म्हणाले, "हसला न्हवता."

"मला माहीत आहे."

"तुमास्नी काय म्हाईत? तुमी हुता का थितं?"

"तुम्ही होता?"

"मी धाकला."

मी स्टूल पुढं सरकवलं. ते बसले नाहीत. "लय सालं झाली, बोलत न्हाई माज्यासंगं," ते म्हणाले. "म्हटलं, बुकात देव करून टाकू. एक प्रत धाडली. कुनाकडनं तरी वाचून बी घेतली त्यानं. माघारी पाटवली, एक सबूद न्हाई. आन् हितं समदी टाळ्या वाजिवत्यात."

"हसला नाही, मग काय केलं? शिवी दिली असेल."

"एक दिली."

"एका शिवीत विहीर जात नाही, सुभेदार."

"दोन."

"दोन?"

"आवं, बाजार लावलाय का काय तुमी!" ते ओरडले. मग आवाज खाली आला. "मोजल्या न्हाईत. एक आयला दिली. आमच्या दोगांच्या बी आयला. ती थितंच बसल्याली, उंबऱ्यावर."

"मग?"

"मग काय? अंगठा दिला. उठला."

"एवढंच?"

"येवडंच."

मी गप्प राहिलो. एवढं मला धंद्यानं शिकवलंय, की शेवटचा आकडा सांगून झाल्यावर माणूस दाराकडं गेला नाही, तर तो शेवटचा नसतो. सुभेदार गेले नाहीत.

"म्हणाला," ते कव्हरवरच्या बैलांकडं बघत म्हणाले, "'घे. पर माज्या बायकूला दोन घागरी भरू देशील का, त्येवडं सांग.'"

रस्त्यावरून एक एसटी गेली. दुकानाच्या काचा थरथरून थांबल्या.

"तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

तेवढ्यात स्कूटर लावून एक गृहस्थ आत आले. "ती कादंबरी आहे का हो? मंडळात नावं ठेवली ती, बैलांची?"

मी काही म्हणायच्या आत सुभेदारांनी डोक्यावरची टोपी काढून गठ्ठ्यावर ठेवली आणि वर हात ठेवला. "संपली," ते म्हणाले. "दुसरी येनार हाय."

"कधी?"

"लिवायची हाय अजून."

गृहस्थ माझ्याकडं बघायला लागले. टोपीखालचा गठ्ठा त्यांनाही दिसत होता. माझ्या दुकानात, माझ्या काउंटरवर, मला न विचारता या माणसानं माझा माल संपवला होता.

"ऐकलं ना?" मी त्यांच्यावर खेकसलो. "संपली!"